पाइपापुरतं बोलणं

डिचोलीच्या बाजारातून खाणींच्या रस्त्याला वळलं की डाव्या हाताला गोकुळदास च्यारीचं गॅरेज होतं आणि त्याच्या बरोबर समोर माझं वर्तमानपत्रांचं दुकान. त्यामुळे त्याच्या आयुष्यातला मोठा भाग मी रस्त्याच्या अलीकडून पाहिला. मधून खनिजाचे ट्रक जात, ते गेले की धुळीतून तो पुन्हा दिसू लागे, आणि तेव्हा तो कुणावर तरी ओरडत असे.

ओरडणं हा त्याचा धंद्याचा भाग होता. गाडी घेऊन येणाऱ्याला आधी शिव्या, मग चहा, मग काम, हा क्रम त्याने कधी मोडला नाही. तरुणपणी तो एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये होता. तिथल्या डंपरांनी त्याचे कान अर्धे नेले होते, म्हणून त्याला स्वतःचा आवाज किती मोठा आहे ते कळत नसे असं त्याची बायको चंद्रावती म्हणायची. माझं मत वेगळं आहे. त्याला पुरेपूर कळत असे.

गॅरेज म्हटलं तरी तो इंजिनाला फारसा हात लावायचा नाही. त्याचं काम सायलेन्सरचं. धुराचा पाइप वाकवायचा, कापायचा, जोडायचा आणि गाडीच्या पोटाखाली असा बसवायचा की खड्ड्यातून जाताना तो कुठे आपटू नये. पाइपात नदीची वाळलेली वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडं लाकडी बुचांनी बंद करायची, मग भट्टीत लाल करून हळूहळू वाकवायचा. वाळू असली की पाइप वाकतो पण चेपत नाही. वाळू ओली राहिली तर वाफ धरून बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. एकदा ते माझ्या दुकानाच्या पाटीला लागलं होतं, आणि गोकुळदासने मलाच विचारलं होतं की पाटी तिथे कशाला लावली.

काम झालं की तो गाडी सुरू करायला सांगायचा आणि मागे जाऊन धुराच्या तोंडाशी तळहात धरायचा. कानांवर भरवसा नव्हता, तळहातावर होता. डोळे मिटून थोडा वेळ उभा राहायचा आणि मग एकतर मान हलवायचा, नाहीतर आत बसलेल्याला शिवी देऊन सगळं पुन्हा सोडायला लागायचा.

सगुणची आणि त्याची मैत्री अशाच एका पाइपावरून झाली. सगुण मूळचा पेडण्याचा, मोपाच्या पठाराखालच्या गावचा. डिचोलीच्या एका भाटकाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, तो ड्रायव्हर होता. भाटकाराची ऑस्टिन गाडी पोर्तुगीज अमदानीत मुरगावच्या धक्क्यावर उतरलेली, काळी, गोल पाठीची. पुढे भाटकाराचं कुटुंब मुंबईला गेलं आणि जाताना गाडी सगुणला देऊन गेलं. ती घेऊन तो आपल्या गावी परतला आणि लग्नाच्या वरातींना, बाळंतिणींना, देवदर्शनाला भाड्याने देऊ लागला. पेडण्यातल्या कितीतरी नवऱ्या त्या गाडीतून सासरी गेल्या. त्या पोरींना आता नातवंडं झाली असतील.

गावी गेला तरी दर बुधवारी डिचोलीच्या बाजाराला तो यायचाच. बाजार हे निमित्त. भाजीची पिशवी चंद्रावतीच्या हातात देऊन तो गॅरेजातल्या उलट्या डब्यावर बसायचा तो दुपार कलेपर्यंत. दोघं बोलायचे असंही नाही. गोकुळदास ओरडायचा, सगुण हसायचा. चवथीला हा त्याच्या गणपतीला, तो ह्याच्या गणपतीला. सख्ख्या भावांत असत नाही इतकं येणंजाणं.

मग शहाऐंशी साल आलं. गोव्याची भाषा कोकणी की मराठी यावरून घराघरांत चुली वेगळ्या व्हायची वेळ आली. मी दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रं विकणारा. एक बाजू म्हणे, हा विकला गेला. दुसरी म्हणे, ह्याला भूमिकाच नाही. मला भूमिका होती, पण पोटही होतं.

गोकुळदास कोकणीवाला आणि सगुण मराठीवाला. गंमत पाहा, गोकुळदास रोज सकाळी माझ्या दुकानात उभा राहून मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फुकट वाचायचा. आणि मराठीसाठी जीव देणाऱ्या सगुणच्या तोंडून सलग तीन वाक्यं मराठीत निघाली तर माझी मिशी काढीन. पण हे त्या दिवसांत कुणी कुणाला सांगायचं? मीही नाही सांगितलं.

पणजीच्या मोर्च्यासाठी ऑस्टिनच्या टपावर भोंगा बांधायचा होता. ते काम सगुणने कुठे आणावं? गोकुळदासकडेच आणलं. आणि गोकुळदासने ते केलंही, भोंगा असा घट्ट बसवला की वादळात टप उडेल पण भोंगा हलणार नाही. काम करता करता मात्र तोंड चालूच होतं.

"बायलेकडेन झगडटा ते खंयचे भाशेन रे?" बायकोशी कुठल्या भाषेत भांडतोस, असं त्याने शेवटचा नट आवळताना विचारलं.

एरवी सगुण हसला असता. त्या दिवशी गाडीत मोर्च्याची चार माणसं बसली होती, आणि चार माणसांसमोर माणूस दुसराच होतो. "तुझ्या बापाशीच्या बाराव्याक भजन झाला," तो म्हणाला, "ता खंयच्या भाषेत झाला, सांग."

गोकुळदासचे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि त्या बाराव्याला मृदंग वाजवायला सगुणच बसला होता. गोकुळदासने पाना खाली ठेवला आणि तो गॅरेजमागच्या घरात गेला. सगुण थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग गाडीतल्यांनी हाका मारल्या आणि तो निघून गेला.

त्यानंतरच्या बुधवारी सगुण आला नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. चवथीला दोघांच्याही गणपतींनी वाट पाहिली असेल. पुढे भाषेचा कायदा झाला, गोवा घटक राज्य झालं, आणि त्या दिवशी दोघांनी आपापल्या गावी पेढे वाटले. मला दोघांकडूनही आले, सगुणचे कुणाच्या तरी हाती. राज्य एक झालं, हे दोघे दोनच राहिले. मला दोघांचाही भयंकर राग यायचा. एवढे बाप्ये, एकाने उठून दुसऱ्याच्या दारात जायला काय पाय मोडले होते? पण चूक कबूल करण्यापेक्षा हात कापून देणारी ही माणसं.

त्यांना पुन्हा जोडलं ते गंजाने. आमच्याकडे खारी हवा, सहा महिने ओल, वरून खनिजाची लाल माती पाइपाला लेप दिल्यासारखी बसते. त्यात सगुणची गाडी थोडं थोडं चालणारी, तिचा पाइप पुरता तापायचाच नाही आणि आतलं पाणी आतच राहायचं. साध्या लोखंडाचा पाइप दोन पावसाळे काढी, कधी तेवढेही नाही. घटक राज्य झालं त्या वर्षी पावसाळा सरला आणि एके सकाळी अख्खा बाजार वळून बघायला लागला. फुटक्या पाइपाची ऑस्टिन ट्रॅक्टरसारखी बोंबलत येत होती. म्हापसा सगुणला डिचोलीपेक्षा जवळ, तिथे गॅरेजं गल्लोगल्ली. म्हापसा सोडून तो असा बोंबलत इथवर आला यातच सगळं आलं.

त्याने गाडी गॅरेजात लावली आणि तो माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. गोकुळदास गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि रस्त्यापलीकडून मला म्हणाला, "अनंतबाब, ह्या गाडयेच्या धन्याक सांग, पायप सामको कुसला."

पाइप पार कुजला, हे ज्याला सांगायचं तो धनी माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता. तो मला म्हणाला, "तेका सांग, कुसलो म्हणानच हाडलंय."

मी दोघांनाही काही सांगितलं नाही. मला काय पोस्टमन समजतात?

पाइप गाडीवर मापून मापून करावा लागतो, त्यात सगळा दिवस जातो. दुपारी चंद्रावतीने जेवण पाठवलं, आणि ताटं दोन होती. तिने कुणाला विचारलं नव्हतं. दोघं गॅरेजाच्या दोन टोकांना पाठमोरे बसून जेवले. संध्याकाळी गोकुळदासने धुराशी तळहात धरला आणि मान हलवली. "माशें नेट दी," तो थेट सगुणला म्हणाला, जरा जोर दे म्हणून, आणि सगुणने दिला.

तिथून ते बोलू लागले, पण पाइपापुरतं. वाकण जरा वर घे, इथे आपटतं, तिथे हलतं. घरचं विचारणं नाही, बुधवार नाही, चवथ नाही. पाइप कुजला की सगुण यायचा, दिवसभर बसायचा, जेवायचा, जायचा. मग पाइप पुन्हा कुजेपर्यंत काही नाही. गोकुळदास पावसाळा संपताना रस्त्याच्या वळणाकडे बघत राहायचा. मी विचारलं तर म्हणायचा, ट्रक बघतोय. ट्रक दिवसभर जात होते, त्यांत बघण्यासारखं काय होतं?

असं काही वर्षं चाललं. मग सगुणचा मुलगा योगेश मध्ये आला. पोरगा गुणी. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या कारखान्यात फिटर होता, दिवसभर स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांत वावरायचा. बापाच्या जुन्या गाडीचं त्याला भारी कौतुक. आता तशा गाड्या बघायला लोक थांबतात, फोटो काढतात, हे त्याला पहिल्यांदा कळलं. बाप दर दोन वर्षांनी फुटका पाइप घेऊन एवढ्या लांब जातो हे काही त्याला बघवेना. त्याने एका ठेकेदाराकडून स्टेनलेसचा लांब पाइप विकत घेतला आणि बापाला घेऊन गॅरेजात आला.

"काका, ह्यो एकदा घातलो की माझ्या पोरांपर्यंत बघूक नको," तो म्हणाला.

सगुण बाजूला उभा होता. पाइपाकडे बघत नव्हता.

"तसा तर जस्ताचा पाण्याचा पाइप पण गंजाक लवकर लागत नाय," तो हळूच म्हणाला. कुठलाही तिसरा पदार्थ चालला असता त्याला, फक्त हा नको होता.

"ताच्यार वेल्डिंग केलें जाल्यार जस्त जळटा," गोकुळदास म्हणाला. "तो धूर नाकांत गेलो की जोर येता." ते खरंच होतं. असा ताप त्याने एकदा अंगावर काढला होता.

"मगे साधो लोखंड काय वायट? स्टेनलेसाचो आवाज पातेल्यावर डाव आपटल्यासारखो येता म्हणतत," सगुण म्हणाला.

योगेश हसला. आवाज सायलेन्सरच्या डब्याच्या आतल्या भरण्यावर असतो, नुसत्या पाइपावर नाही, असं त्याने समजावलं. तो अगदी बरोबर बोलत होता, आणि हीच पंचाईत होती. मग त्याने गोकुळदासलाच विचारलं, "काका, तुमी सांगा. खयचो बरो?"

मी दुकानातून रस्ता ओलांडून आलो होतो. गोकुळदासने तो पाइप उचलला, कडेवरून बोट फिरवलं, नखाने टिचकी मारली. त्याला खोटं सांगता आलं असतं. हा वाळूने नीट वाकत नाही, तापवला की काळा पडतो, पाचरी कापून जोडत बसावं लागतं, असं काहीही सांगितलं असतं तर योगेश गप्प बसला असता; शेवटी काम त्याचं होतं. पण हा माणूस आयुष्यात गिऱ्हाइकाला शिव्या सोडून दुसरं काही खोटं बोललेला नव्हता.

"बरो तो हो," तो हातातला पाइप पुढे करत म्हणाला. "साध्या लोखंडाची ह्याच्या मुखार कसली गजाल?"

सगुणचा चेहरा मी पाहिला. त्याला ऐकू आलं ते एवढंच, की आता येऊ नकोस. तो गाडीत जाऊन बसला. गोकुळदासही भट्टीकडे तोंड करून उभा राहिला. आणि मी, दोघांच्या मधला शहाणा, ओरडून सांगायला हवं होतं की अरे गाढवांनो, पाइपाचं नाव सोडा. पण माझ्याही जिभेला नेमकी तेव्हाच कुलपं पडतात.

पुढच्या रविवारी सगुण मला न्यायला आला. म्हणाला, गावी देवीला कौल लावायचा आहे, साक्षीला चल. मला वाटलं, योगेशच्या लग्नाचं काहीतरी असेल. आमच्याकडे लग्न, घर, विहीर, भांडण, सगळं देवीला विचारून होतं. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही.

सातेरीच्या देवळात पोचल्यावर कळलं की विषय धुराच्या पाइपाचा आहे.

गाऱ्हाणं घालणारा घाडी म्हातारा होता. त्याने दोनदा विचारून घेतलं. मग हसू दाबलं, कारण देवीसमोर हसायचं नसतं, आणि हात जोडून उंच आवाजात सुरू केलं. सगुणने त्याला नुसतं एवढं सांगितलं होतं, की नवा पाइप की जुना, विचार. इथेच तो फसला. घाडी बिचारा जुन्या वळणाचा. नवं काही घरात येतं तेव्हा माणूस देवीची परवानगीच मागायला येतो, हे त्याला ठाऊक.

"गे आई म्हामाये," तो म्हणाला, "ह्या तुझ्या लेकराच्या गाडयेक नवो पाइप येता आसा. तो सोबून येवंदे, गाडयेची आनी घरादाराची राखण कर, आनी तुझ्या मनात आसल्यास उजवो कौल दी!"

"व्हय म्हाराजा!" देवळातल्या चारदोन माणसांनी साथ दिली.

सगुण अर्धं पाऊल पुढे सरकला. गाऱ्हाणं मध्ये तोडता येत नाही. मनातलं खरं कारण, हा पाइप बसला तर माझं डिचोलीला जाणं संपेल, हे तर त्याने घाडीलाही सांगितलं नव्हतं आणि देवीलाही. न मागितलेलं देवी तरी कुठून देणार?

उजवीकडची पाकळी लगेच पडली. इतका झटपट कौल बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता म्हणे. घाडीने ती पाकळी सगुणच्या ओंजळीत ठेवली, लोकांनी बरं झालं म्हटलं. तोच प्रश्न पुन्हा विचारायची सोय नव्हती. देवीची परीक्षा कोण घेणार? परतताना गाडीत सगुण एकदाच बोलला.

"अनंता, माझाच चुकला," तो म्हणाला. मी बाहेर बघत राहिलो. मला त्याची दया येत होती आणि ती त्याला दिसू द्यायची नव्हती.

ठरल्या दिवशी ऑस्टिन गॅरेजात आली. कौलाची बातमी गोकुळदासला माझ्याकडून आधीच कळली होती. योगेशने रजा काढली होती. स्टेनलेस वाकवायच्या भानगडीत गोकुळदास पडला नाही. त्याने वळणावळणाला पाचरी कापल्या आणि योगेशने आणलेल्या वेल्डिंगच्या वेगळ्या कांड्यांनी जोडत गेला. त्या दिवशी त्याने कुणाला शिवी दिली नाही. काम दुसऱ्या दिवसावर गेलं तरी त्याने घाई केली नाही, सगुणनेही नाही. चंद्रावतीची ताटं दोन्ही दिवशी आली आणि दोन्ही दिवशी अर्धी परत गेली. बांगड्याचं हुमण टाकून उठणारे हे दोघे नव्हेत.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाइप तयार झाला. चांदीसारखा चकचकीत. काळ्या जुन्या गाडीखाली तो नव्या दातांसारखा दिसत होता. आता तो गाडीच्या सांगाड्याला टांगायचा राहिला होता. योगेशने पिशवीतून टांगायच्या पट्ट्या काढल्या, त्याही स्टेनलेसच्या, नट-बोल्टांसकट. पोरगा काही म्हणता काही विसरला नव्हता.

गोकुळदासने त्या पट्ट्या हातात घेतल्या, नीट बघितल्या, आणि पिशवीत परत ठेवल्या. मग तो कोपऱ्यातल्या भंगाराकडे गेला आणि साध्या लोखंडाची एक पट्टी ओढून काढली.

योगेश गडबडला. "काका, स्टेनलेसाक साधा लोखंड टेकला की लोखंड बेगीन कुसता," तो म्हणाला. "फुडल्या पावसापर्यंत ह्यो पट्टयो रवच्यो नाय."

"जाणां हांव," गोकुळदास म्हणाला.

"मगे?"

"देवीन पायपाचें सांगलां. पट्टयांचें कोणें विचारलां?"

योगेशने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रस्त्यावरून एक ट्रक गेला, धूळ उठली आणि बसली. सगुण उलट्या डब्यावरून उठला. गाडीला वळसा घालून तो गोकुळदासच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला, त्याच्या हातातल्या पट्टीला अंगठ्याने दाबून पाहिलं.

"ही जाड आसा रे," तो म्हणाला. "पातळ घाल."

गोकुळदासने हातातली पट्टी खाली टाकली आणि भंगाराच्या ढिगात दुसरी शोधायला लागला.